जहाजांच्या गर्दीतून शिडाची होडी नेताना: आखणीपासून नांगर टाकेपर्यंत

पाच नॉटनी (ताशी पाच सागरी मैल वेगाने) चालणारी होडी एक सागरी मैल कापायला १२ मिनिटं घेते. वीस नॉटनी येणारं मालवाहू जहाज तेवढंच अंतर ३ मिनिटांत कापतं. दोघं समोरासमोर येत असतील तर ३ मैलांचं अंतर सव्वासात मिनिटांत संपतं. तेवढ्यात जहाज ओळखायचं, ते कुठं चाललंय ते ताडायचं, काय करायचं ते ठरवायचं, शिडं बदलायची आणि बदलाचा उपयोग झाला की नाही तेही पाहायचं.

गजबजलेल्या किनारी पाण्यात चुकणारी माणसं बहुतेक वेळा होडी चांगली चालवणारीच असतात. चूक होते ती कामांच्या क्रमात. आधी निघतात, मग नकाशा बघतात. जहाज अंगावर आल्यावर नियम आठवतात. वारा पडल्यावर इंजिन तपासतात. म्हणून हा लेख कामांच्या क्रमानेच लिहिला आहे. प्रत्येक टप्प्याचा हेतू एकच, ऐन वेळी हाताशी असणारी मिनिटं वाढवणं. इथे ८ ते १२ मीटर लांबीची, मदतीला इंजिन असलेली होडी आणि तिच्यावर दोन ते चार माणसं गृहीत धरली आहेत.

१. आखणी: आदल्या दिवशी, टेबलावर

दुरुस्त्या उतरवलेला सागरी नकाशा समोर घ्या. फोनवर किंवा चार्टप्लॉटरवर मार्ग आखणार असाल तरी एकदा मोठ्या नकाशावर पूर्ण पट्टा पाहाच. छोट्या पडद्यावर नकाशा लहान केला की उथळ जागा आणि खडक दिसेनासे होतात, आणि मार्गाची रेघ मात्र बिनधास्त त्यावरून जाते.

नकाशावर या गोष्टी पेन्सिलने ठळक करा: जहाजांसाठी आखून दिलेल्या वाहतूक लेन, बंदराच्या खोल वाटा, जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट जिथे जहाजावर चढतो ती जागा, फेरीबोटींचे मार्ग, जहाजं नांगर टाकून थांबतात ते पाणी आणि मासेमारीचे पट्टे. पायलटच्या जागेकडे लोक दुर्लक्ष करतात. तिथे जहाजं अचानक वेग कमी करतात, वळतात, थांबून राहतात. तुम्ही बांधलेला अंदाज तिथे हमखास चुकतो, त्यामुळे त्या जागेला वळसा घालावा हेच उत्तम.

आता तुमचा मार्ग. मोठ्या जहाजाला १० ते १५ मीटर पाणी लागतं, तुमच्या होडीला दोन. खोल वाटेच्या अगदी बाहेरून, बोयांच्या (वाटेच्या कडा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) पलीकडच्या उथळ पण तुम्हाला पुरेशा पाण्यातून मार्ग जात असेल तर तोच घ्या. तिथे जहाज येऊच शकत नाही. नियमांचं कितीही पाठांतर केलं तरी एवढी खात्री मिळत नाही.

मग भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या सुमाराला भांगेच्या पाण्यात मंद. सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा साधारण बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. चढ ३.६ मीटर असेल तर तासागणिक ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३० सेंटिमीटर. हा हिशेब उंचीचा झाला. प्रवाह कधी उलटतो याची वेळ मात्र वेगळी पाहावी लागते, कारण पूर्ण भरतीच्या क्षणालाच प्रवाह फिरेल असं नाही. त्यासाठी प्रवाहांचे तक्ते असतात.

प्रवाह आणि वारा एकमेकांविरुद्ध असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. ज्या पाण्यात सकाळी सहज गेलात, त्याच पाण्यात प्रवाह उलटल्यावर होडी लाटेलाटेवर आपटून थांबते आणि पाच नॉटचा वेग तीनवर येतो. तेव्हा नेमकं लेनमध्ये असलात तर कठीण.

म्हणून वेळापत्रक उलट्या दिशेने मांडा. सर्वांत अवघड जागा कोणती, तिथे कोणत्या प्रवाहात आणि किती उजेडात पोचायचं हे आधी ठरवा. तिथून मागे मोजत निघण्याची वेळ काढा. ती पहाटे साडेतीनची आली तर साडेतीनला निघा किंवा दुसरा दिवस निवडा. ‘नाश्ता करून आठला निघू’ असं ठरवून मग बाकीचं त्यात बसवायला जाणं हीच या टप्प्यावरची सर्वांत सामान्य चूक.

तपासा: वाटेत शिरता येतील अशा दोन आसऱ्याच्या जागा लिहिल्या का? कुठून आणि कशासाठी परत फिरायचं ते ठरवलं का? माझा स्वतःचा नियम सांगतो: दृष्टिपल्ला २ मैलांच्या खाली असेल तर मी लेनमध्ये शिरत नाही. हा आकडा जमिनीवर असतानाच लिहून ठेवावा. समुद्रावर ठरवायला गेलं की ‘एवढ्याने काय होतंय’ असं वाटतं.

२. होडीची तयारी

सुरुवात इंजिनापासून. शिडाची होडी आहे म्हणून इंजिन दुय्यम मानणारे पुष्कळ आहेत, पण लेनच्या मधोमध वारा पडला की तेच एक साधन उरतं. चावी फिरवल्यावर इंजिन लागलं म्हणजे तपासणी झाली असं नाही. धक्क्याला बांधलेल्या स्थितीत गिअर टाकून २० मिनिटं भाराखाली चालवा. थंड करणारं पाणी मागच्या नळीतून नीट बाहेर पडतंय का ते डोळ्यांनी बघा. तेल, पट्टा, इंधनाची गाळणी पाहा. डेकवरचा एकही दोर बाजूला लोंबत ठेवू नका. घाईत इंजिन लावताना लोंबता दोर पाण्याखालच्या पंख्यात गुंतला की शीडही गेलं आणि इंजिनही.

दिव्यांबाबत सगळ्यांत जास्त गोंधळ दिसतो, म्हणून थोडं सविस्तर. शिडावर चालताना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा हवा. २० मीटरपेक्षा लहान होडीला हे तिन्ही डोलकाठीच्या टोकावरच्या एकाच तिरंगी दिव्यात लावण्याची मुभा आहे. तो उंच असल्याने लांबून दिसतो. पण इंजिन लावलं की तुम्ही नियमांच्या दृष्टीने यांत्रिक नौका झालात, मग शिडं वर असली तरीही. तेव्हा तिरंगी दिवा बंद करायचा, खालचे बाजूचे आणि मागचा दिवा लावायचे, आणि त्यांच्या वर समोर दिसणारा पांढरा दिवा. तिरंगी आणि खालचे दिवे एकदम पेटवले की जहाजावरच्या माणसाला एकाऐवजी दोन होड्या दिसतात किंवा काहीच कळत नाही. दिवसा शिडं आणि इंजिन दोन्ही चालू असतील तर पुढे टोक खाली असलेला काळा शंकू टांगायचा असतो. बहुतेक जण तो टांगत नाहीत. तुम्ही टांगा.

हे सगळं रात्री धक्क्यावर उभं राहून, होडीपासून लांब जाऊन, एकदा प्रत्यक्ष बघा. एक जण स्विच दाबणारा, दुसरा बघणारा. १२ मीटरपेक्षा लहान होडीच्या बाजूच्या दिव्यांचा किमान पल्ला नियमाने फक्त १ मैल आहे. काच पिवळी पडली असेल तर तेवढाही उरत नाही. एक मैल म्हणजे वीस नॉटच्या जहाजाला ३ मिनिटं, हे डोक्यात ठेवूनच काच पुसावी.

रडार परावर्तक जमेल तितका उंच आणि घट्ट बसवा. एआयएस (नौकांनी आपली जागा आणि वेग रेडिओवरून एकमेकांना कळवण्याची यंत्रणा) असेल तर ते फक्त ऐकणारं आहे की तुमची जागा पाठवणारंही आहे हे पक्कं माहीत असू द्या. छोट्या होड्यांवरचा साधा क्लास बी संच दोन नॉटच्या वर वेग असताना ३० सेकंदांनी एकदा जागा पाठवतो. चालत्या मोठ्या जहाजाचा संच २ ते १० सेकंदांनी. म्हणजे जहाजाला तुम्ही दिसता ते थोड्या शिळ्या जागेवर.

व्हीएचएफवर (नौकांच्या रेडिओवर) संकटाच्या हाकांचं चॅनल १६ ऐकू येतंय का, संकटाच्या लाल बटणाला तुमचा एमएमएसआय क्रमांक (रेडिओवर तुमची होडी ओळखणारा क्रमांक) आणि जीपीएस जोडलेला आहे का, हे बंदरातच तपासा. इंजिन लावायची बॅटरी बाकी उपकरणांपासून वेगळी हवी.

सावध: लाइफ जॅकेट कपाटात असेल तर ते नसल्यासारखंच. निघण्यापूर्वी प्रत्येकाने अंगात घालून पट्टे आपल्या मापाला लावून घ्यायचे. फुगणाऱ्या जॅकेटची गॅसची कुपी घट्ट आहे का ते हाताने फिरवून बघायचं.

३. माणसांना काम वाटून देणं

दहा मिनिटं पुरतात, पण ती दोर सोडण्यापूर्वीची दहा मिनिटं हवीत. सुकाणू कोणाकडे, टेहळणी कोणाकडे, नोंदवही कोणाकडे. कोणी पाण्यात पडलं तर बोट रोखून त्याच्यावरची नजर न हलवणारा कोण. संकटाचा संदेश कसा द्यायचा ते रेडिओच्या शेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत चिकटवा, म्हणजे कप्तानच पाण्यात पडला तरी मागे राहिलेल्याला वाचून बोलता येईल.

टेहळणी करणाऱ्याने कसं सांगायचं तेही ठरवून घ्या. ‘ते बघ, बोट!’ याला अर्थ नाही. ‘उजवीकडे, नाळेपासून चाळीस अंश, कंटेनर जहाज, डावीकडे चाललंय’ असं हवं: आधी बाजू, मग नाळेपासूनचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासूनचा कोन, मग काय आहे, मग कुठं चाललंय. सुकाणूवाल्याने ऐकल्याचं मोठ्याने सांगायचं. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जातात.

४. बंदरातून बाहेर पडताना

मोठं शीड आडोशाच्या पाण्यातच चढवून घ्या आणि इंजिन चालू ठेवा. खोल वाटेच्या मधोमध नाळ वाऱ्याकडे धरून शीड फडफडवत उभं राहणं धोक्याचं आहे.

अरुंद वाटेत २० मीटरपेक्षा लहान नौकेने आणि शिडाच्या नौकेने, जे जहाज फक्त त्या वाटेतूनच जाऊ शकतं त्याच्या आड यायचं नसतं. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांमधला नववा नियम हेच सांगतो. म्हणून वाटेत असाल तर तिच्या उजव्या कडेला चिकटून राहा, शक्य असेल तर बोयांच्या बाहेरून जा. वाट ओलांडायची असेल तर ती काटकोनात, एका दमात.

ओलांडण्याआधी मागे बघा. हे वाक्य मला दर सफरीत मोठ्याने म्हणावं लागतं. सगळ्यांचं लक्ष पुढे असतं आणि तुमच्याच मागून निघालेलं जहाज बंदराच्या आवाजात ऐकू येत नाही. बंदराचं कामकाजाचं चॅनल ऐकत राहिलात तर कोण निघतंय, कोण येतंय ते आधीच कळतं. बोलायची गरज नाही, ऐकलं तरी खूप.

५. टेहळणी आणि बेअरिंग

आता मुख्य काम. दर दहा मिनिटांनी, गर्दी असेल तर सतत, क्षितिज पूर्ण गोल फिरवून बघायचं, मागची बाजू धरून. डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतील तर क्षितिज फक्त ३ मैलांवर असतं. मोठ्या जहाजाचा वरचा भाग त्यापलीकडूनही दिसतो, छोटी होडी दिसत नाही.

पुढच्या मोठ्या शिडामागचा आंधळा पट्टा हा शिडाच्या होडीचा खास धोका आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. छान वारा होता, होडी एका कुशीवर झुकली होती, मी वरच्या बाजूला बसून सुकाणू धरलं होतं आणि तिकडूनच येणाऱ्या दोन जहाजांवर नजर ठेवून होतो. एआयएसच्या पडद्यावर तीच दोन दिसत होती. शिडाच्या खालच्या कडेखालून आधी एक नारिंगी बोया सरकत आला, त्याला बांधलेला हिरवा दोर, आणि त्यामागे लाकडी नाळ. जाळं ओढणारी एक लहान होडी. तिच्यावरचा माणूस हातातलं जाळं सोडून उभा राहिला होता, ओरडत असावा, पण ऐकू आलं नाही. मी नाळ वाऱ्याकडे वळवली, शिडं फडफडली, आणि आम्ही तिच्या जाळ्याच्या काठावरून निघून गेलो. मध्ये तीस मीटरसुद्धा अंतर नव्हतं. तिच्यावर एआयएस नव्हतं आणि असायला हवं असा माझा काही हक्कही नव्हता. बघायचं काम माझं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे दर पाच मिनिटांनी एक जण खालच्या कुशीला जाऊन शिडाखालून बघतो आणि ‘खालची बाजू मोकळी’ असं मोठ्याने सांगतो. पुढचं शीडही थोडं वर चढवून घेतलं आहे, खालून हातभर फट दिसेल इतकं. वेग किंचित कमी होतो. चालतं.

जहाज दिसलं की अंदाज बांधू नका, हातातल्या होकायंत्रावर त्याचं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेली त्याची दिशा) घ्या. वेळेसह वहीत लिहा. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, मग तिसऱ्यांदा.

बेअरिंग तुमच्या नाळेच्या दिशेने सरकत असेल तर जहाज तुमच्या पुढून जाईल. मागे सरकत असेल तर मागून जाईल. जवळपास तसंच राहिलं आणि जहाज मोठं दिसू लागलं तर टक्कर होणार आहे. खांबाच्या किंवा दोराच्या रेषेत जहाज धरून बघण्याची सवय अनेकांना असते. त्यात होडीची दिशा पाच अंश हलली की सगळा अंदाज बिघडतो, म्हणून होकायंत्रच हवं.

सावध: खूप मोठं जहाज, ओढून नेलेला पडाव किंवा अगदी जवळची नौका यांच्या बाबतीत बेअरिंग थोडं बदलत असलं तरी धोका असू शकतो. तुम्ही ब्रिजचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीचं बेअरिंग घेता आणि नाळ त्याच्या दोनशे-तीनशे मीटर पुढे असते.

एआयएसवर सर्वांत कमी अंतर किती आणि किती मिनिटांनी हे दोन आकडे मिळतात. उत्तम मदत आहे. पण शिडाची होडी लाटांवर डोलते, तिची दिशा आणि वेग सतत बदलतो, त्यामुळे आकडे उड्या मारतात. एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. पाच मिनिटं बघा, आकडा कोणत्या बाजूला सरकतोय ते पाहा, आणि होकायंत्राशी ताडून घ्या.

६. वाट कोणी सोडायची

‘शिडाला इंजिनापेक्षा मान’ हे अर्धवट वाक्य डोक्यात ठेवून अनेक जण लेनमध्ये शिरतात. पूर्ण चित्र असं आहे.

दोन शिडाच्या नौका वेगवेगळ्या बाजूंनी वारा घेत असतील तर वारा डाव्या बाजूने घेणारी वाट सोडते. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर वाऱ्याकडची नौका वाट सोडते. मागून ओलांडून जाणारा, मग तो शिडावर असो की इंजिनावर, समोरच्याची वाट सोडतो. मासेमारी करत असलेल्या, नियंत्रण गमावलेल्या आणि कामामुळे हालचाल मर्यादित झालेल्या नौकांना शिडाच्या होडीनेही वाट द्यायची. इंजिन लावलं असेल तर उजवीकडून आडव्या येणाऱ्या यांत्रिक नौकेची वाट तुम्ही सोडायची.

आणि लेनमध्ये? दहाव्या नियमानुसार शिडाच्या नौकेने आणि २० मीटरपेक्षा लहान नौकेने लेनमधून जाणाऱ्या यांत्रिक जहाजाच्या मार्गात अडथळा करायचा नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की टक्कर होण्याचा प्रश्न निर्माणच होऊ नये इतक्या लवकर तुम्ही हालचाल करायची.

जहाजाची बाजूही समजून घ्या. पूर्ण वेगात उलटं इंजिन लावून थांबवण्याच्या चाचणीत जहाजाने त्याच्या लांबीच्या १५ पटींत थांबावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, अति मोठ्या जहाजांना त्याहून थोडी सूट. ३०० मीटरच्या जहाजाचे हे ४.५ किलोमीटर होतात, म्हणजे जवळजवळ अडीच सागरी मैल. शिवाय नाळेपुढचं पाणी त्यांना दिसत नाही. तो आंधळा पट्टा जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त नसावा असा नियम आहे. तुम्ही त्या पट्ट्यात शिरलात तर ब्रिजवरच्या माणसासाठी तुम्ही अस्तित्वातच नाही.

हालचाल कशी करायची? मोठी, एकदाच, लवकर. पाच-पाच अंश करत चार वेळा वळलात तर जहाजावरच्याला काहीच दिसत नाही. एकदम तीस-चाळीस अंश वळा, तुमची पूर्ण कूस किंवा तुमची पाठ त्याला दिसू द्या. आणि नेहमी मागून जा. सोपी युक्ती: नाळ जहाजाच्या मागच्या टोकावर रोखा आणि ते सरकेल तसं तुम्हीही त्याच्याबरोबर हळूहळू वळत राहा. अशाने तुम्ही कधीच त्याच्या पुढे जात नाही, आणि ते गेल्यावर तुम्ही आपसूक मूळ दिशेवर येता.

जहाज जाताना ते वारा अडवतं, शीड काही क्षण मरतं. मागोमाग त्याच्या लाटा येतात. त्या नाळेच्या एका बाजूने तिरप्या घ्या, कुशीवर घेऊ नका, आणि डेकवरच्यांना हात धरायला सांगा.

सावध: पाच किंवा जास्त छोटे भोंगे ऐकू आले तर तुमचा हेतू कोणाला तरी कळलेला नाही. आधी स्पष्ट दिसेल अशी हालचाल करा, मग आजूबाजूला पाहा. रेडिओवर ‘माझ्या उजवीकडचं जहाज’ अशी हाक मारू नका. ती भलत्याच जहाजाला लागू पडते आणि तेच वळतं. नाव एआयएसवर दिसत असेल आणि खात्री असेल तरच नावाने हाक मारा.

७. लेन ओलांडणं

नियम म्हणतो, नाळेची दिशा लेनला शक्य तितकी काटकोनात. इथे दोन शब्दांची गल्लत होते. नाळ काटकोनात ठेवायची आहे, जमिनीवरून पडणारी तुमची रेघ नव्हे. प्रवाहाने रेघ तिरकी झाली तर होऊ द्यायची.

हिशेब करून बघू. दोन्ही लेन आणि मधला पट्टा मिळून रुंदी ४ मैल, तुमचा वेग ५ नॉट, आडवा प्रवाह ३ नॉटचा. नाळ काटकोनात ठेवली तर ४८ मिनिटांत पार. जीपीएसवरची रेघ सरळ राहावी म्हणून नाळ प्रवाहाकडे वळवली तर पुढे सरकण्याचा वेग ४ नॉट उरतो आणि पूर्ण एक तास लागतो. बारा मिनिटं जास्त, आणि तेवढा वेळ तुमची होडी जहाजांना तिरकी दिसते.

पण पहिल्या पद्धतीत ४८ मिनिटांत तुम्ही २.४ मैल वाहून जाता. म्हणून लेनमध्ये शिरण्याची जागा आखणीतच तितकी प्रवाहाच्या वरच्या अंगाला घ्यायची. हे नकाशावर आदल्या रात्रीच करायचं काम. ऑटोपायलटला ‘त्या बिंदूकडे जा’ असं सांगून दिलं की तो नेमकं उलट करतो, रेघ सरळ ठेवतो आणि नाळ तिरकी करतो. लेनमध्ये त्याला फक्त होकायंत्राची दिशा द्या किंवा सुकाणू हातात घ्या.

क्रम असा ठेवा:

लेनच्या काठाच्या एक मैल अलीकडे इंजिन लावून रिकाम्या गिअरमध्ये गरम करून घ्या. वाहतूक प्रत्येक लेनमध्ये एकाच दिशेने असते. जवळच्या लेनमध्ये जहाजं तुमच्या डावीकडून येतील, पलीकडच्या लेनमध्ये उजवीकडून. पहिल्या लेनमधल्या प्रत्येक जहाजाचं बेअरिंग घ्या, दोन जहाजांमधली मोकळी जागा निवडा, हवं तर पाच-दहा मिनिटं बाहेरच वेग कमी करून थांबा. बाहेर थांबण्यात काहीच कमीपणा नाही. आत शिरल्यावर थांबायला जागा नसते.

वेग ४ नॉटच्या खाली आला की इंजिन गिअरमध्ये. हा आकडाही आधीच ठरवलेला हवा, कारण शिडावरच पार करण्याचा मोह फार असतो. वारा समोरूनच असेल तर सुरुवातीपासून इंजिनावर जा. लेनच्या आत वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाऊ नका. इंजिन गिअरमध्ये टाकल्याबरोबर शंकू किंवा दिवे बदलायचे, हे विसरायचं नाही.

मधल्या पट्ट्यात पोचलात की उजवीकडची जहाजं नव्याने मोजा. पहिली लेन पार झाली की माणसं सैलावतात आणि दुसऱ्या लेनमधल्या जहाजाचं बेअरिंग घ्यायचं राहून जातं.

तपासा: पार झाल्यावर लगेच जीपीएसची जागा नकाशावर उतरवा. वाहून किती गेलात ते कळलं की प्रवाहाचा अंदाज खरा होता की नाही तेही कळतं, आणि पुढचा हिशेब सुधारता येतो.

८. रात्र

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या टॉर्चने ते क्षणात जातं. केबिनमध्ये लाल दिवा, फोनचा उजेड सर्वांत कमी. प्रत्येकाचा पट्टा होडीला अडकवलेला हवा, कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत) सुद्धा.

मोठ्या जहाजाचे दोन पांढरे दिवे शिका: पुढचा खाली, मागचा वर. खालचा दिवा वरच्याच्या डावीकडे दिसला तर जहाज डावीकडे चाललंय आणि तुम्हाला त्याचा लाल दिवा दिसेल. उजवीकडे असेल तर हिरवा. दोन्ही पांढरे एकावर एक आणि लाल-हिरवा दोन्ही दिसू लागले की जहाज सरळ तुमच्याकडे येतंय.

हिरव्याखाली पांढरा म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर. लालखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या प्रकारची मासेमारी. एकाखाली एक दोन किंवा तीन पांढरे म्हणजे मागे काहीतरी ओढत नेणारा टग. तीन असतील तर मागची ओढ २०० मीटरपेक्षा लांब आहे. टग आणि त्याच्या पडावाच्या मधून कधीही जाऊ नका. मधली तार पाण्याखाली असते, दिसत नाही.

जहाज आपल्याला बघत नाही अशी शंका आली तर ताकदवान टॉर्च आपल्याच शिडावर मारा. उजळलेलं पांढरं कापड मैलभरावरून ओळखू येतं.

९. धुकं आलं तर

धुक्यात ‘वाट सोडणारा’ आणि ‘वाट घेणारा’ असा भेद उरत नाही. एकमेकांना न दिसणाऱ्या प्रत्येक नौकेने काळजी घ्यायची. वेग कमी, जॅकेट अंगात, इंजिन तयार. शिडावर असाल तर एक लांब आणि दोन छोटे भोंगे, दर दोन मिनिटांच्या आत. १२ मीटरपेक्षा लहान होडीला हाच संकेत बंधनकारक नाही, पण दोन मिनिटांच्या आत काहीतरी ठसठशीत आवाज करावाच लागतो. मग नेमका संकेतच द्यावा. इंजिन चालवत असाल तर अधूनमधून बंद करून कान द्या.

आणि उथळ पाण्याकडे वळा. जिथे जहाज येऊ शकत नाही तिथे जाऊन नांगर टाकून धुकं उतरेपर्यंत थांबणं हा धुक्यातला सर्वांत चांगला निर्णय आहे.

१०. पोचताना

सफरीतल्या शेवटच्या तासात माणसं थकलेली असतात. बंदराच्या तोंडापासून दोन मैलांवर जागा पक्की करा, खायला-प्यायला द्या, सुकाणूवरचा माणूस बदला. किनाऱ्यावरच्या शहरी दिव्यांत बोयांचे दिवे हरवतात. रंगावर विसंबू नका, घड्याळ लावून लुकलुकण्याचा कालावधी मोजा आणि नकाशाशी जुळवा. पूर्वेकडून जाण्याची खूण करणारा बोया तीनदा लुकलुकतो, दक्षिणेचा सहादा आणि मग एक लांब, पश्चिमेचा नऊदा, उत्तरेचा न थांबता. घड्याळातल्या तीन, सहा, नऊच्या जागा आठवल्या की हे विसरत नाही.

बंदरात शिरताना लाल बोये डावीकडे ठेवायचे की उजवीकडे हे प्रदेशावर अवलंबून आहे. जगाच्या बऱ्याच भागात डावीकडे. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उजवीकडे. दुसऱ्या प्रदेशातून आलेला माणूस सुकाणूवर असेल तर हे त्याला मोठ्याने सांगा.

शिडं बाहेरच उतरवा, फेंडर (धक्क्यावर घासू नये म्हणून कडेला टांगायच्या गाद्या) आणि दोर तयार ठेवा. नांगर टाकणार असाल तर खोली पूर्ण भरतीची धरा, तीत पाण्यापासून नाळेची उंची मिळवा. पूर्ण साखळी असेल तर त्याच्या किमान चौपट, दोर असेल तर सातपट सोडा. इंजिन उलटं लावून नांगर रुतलाय का ते ताणून बघा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाच मिनिटं नजर ठेवा. रेषा हलली नाही की नांगराचा पांढरा दिवा लावा आणि इंजिन बंद करण्याआधी वहीत वेळ लिहा.